साठी, बुद्धी आणि निकालाची घाई

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरात कुणाला शिकवावी लागत नाही. आमच्या घरात दख्खनी बोलतात. तिथे एवढ्या शब्दांचाही खर्च नाही, 'सठियाना' या एका क्रियापदात काम भागते. साठ या आकड्यापासूनच ते तयार झाले आहे. भाषा दोन, लिप्या दोन, पण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याबद्दलचा निकाल मात्र एकमताने लागलेला. मी स्वतः पन्नाशी ओलांडून त्या आकड्याकडे निघालो आहे, त्यामुळे अलीकडे या म्हणीकडे जरा संशयाने बघतो.

संशयाला आधार आहे. देशभरातल्या वृद्धांची तपासणी करून काढलेला एक अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या शंभर माणसांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असल्याचे त्यात दिसले. देशभरात मिळून हा आकडा सुमारे ८८ लाखांवर जातो. हा भार लहान नाही, आणि तो ज्या घरांवर पडतो त्या घरांनाच त्याचे वजन ठाऊक असते. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की उरलेल्या नव्वदाहून अधिक जणांची बुद्धी काही नाठी झालेली नसते. बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली, ओळखीच्या माणसाचे नाव ओठावर येऊन अडखळले आणि तासाभराने आठवले, हा वयाचा भाग. बाजारातून घरी कसे यायचे हेच कळेनासे झाले, तर तो वयाचा भाग नव्हे, आजार आहे. आणि आजार म्हटला की, कोणता, हा प्रश्न आलाच.

मी डॉक्टर नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, कविता लिहितो, आणि पोटासाठी दस्त नोंदणीच्या कार्यालयात कागद तपासतो. या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या नात्यातली आणि शेजारची चार वयस्कर माणसे मी जवळून पाहिली. चौघांनाही भोवतालच्या लोकांनी एकच नाव दिले होते, म्हातारचळ. प्रत्यक्षात चार निरनिराळे आजार निघाले. त्यातली तीन माणसे परत स्वतःत आली, एक आली नाही. चारही घरांत डॉक्टरांना प्रश्न विचारून जे समजले आणि नंतर वाचून जे पडताळून पाहिले, ते सांगतो.

आधी शब्दांबद्दल थोडे, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपण 'भ्रमिष्ट झाले', 'चळले', 'डोक्यावर परिणाम झाला', 'बाहेरचे काहीतरी आहे' असे सगळे एका पोत्यात भरतो. जुनी मराठी याबाबत अधिक नेमकी होती. तापाच्या भरात माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला 'वात झाला', 'वातात बरळतो' असे म्हणत. म्हणजे हे बरळणे अंगातल्या दुसऱ्या आजाराचे आहे आणि तो आजार उतरला की तेही उतरेल, हे त्या शब्दात गृहीत होते. आजचे डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश ही अगदी वेगळी गोष्ट. 'भ्रंश' म्हणजे ढळणे, घसरणे. आणि हा आजार महिनोन् महिने, वर्षानुवर्षे हळूहळू घसरत जातो. एक वादळ आहे, दुसरी ओहोटी. घरातल्या माणसाने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, हे कधीपासून? उत्तर 'परवापासून' असेल तर तो स्मृतिभ्रंश असण्याची शक्यता फार कमी, आणि तातडी फार जास्त.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना बडेअब्बा म्हणतो, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. वय त्या वेळी चौऱ्याहत्तर. पावकी, निमकी, औटकी सगळे तोंडपाठ असलेल्या पिढीतले. मे महिन्याचे दिवस होते. रक्तदाबासाठी नवी गोळी सुरू झाली होती, लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढणारी. कुणीतरी मीठ बंद करायला सांगितलेले आणि उन्हाळा म्हणून दिवसभर पाणी मात्र भरपूर. मंगळवारी ते जरा सुस्त वाटले. बुधवारी सकाळी त्यांनी सुनेला तिच्या सासूच्या नावाने हाक मारली. बडीअम्मीला जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. गुरुवारी रात्री ते चादरीवरून काहीतरी वेचत बसले होते, चिमटीत धरून बाजूला टाकत होते, आणि शाळेची घंटा झाली म्हणून उठू बघत होते.

घरात दोन मते पडली. एका मताने वय झाले, दुसऱ्या मताने नजर लागली. तिसरे मत कुणाचेच नव्हते. ते तालुक्याच्या गावातल्या एका तरुण डॉक्टरबाईंचे होते. त्यांनी बडेअब्बांना वार उलटे म्हणायला सांगितले, शनिवार, शुक्रवार असे. ज्या माणसाने चाळीस वर्षे पोरांकडून एकोणतीसचा पाढा घोकून घेतला, तो शनिवारच्या पुढे 'रविवार' म्हणाला, मग खिडकीकडे बघत राहिला, मग प्रश्नच विसरला. बाई म्हणाल्या, यांची स्मरणशक्ती नंतर बघू, आधी यांचे लक्षच एका जागी ठरत नाही. रक्त तपासले. सोडियम हवे १३५ ते १४५ च्या दरम्यान, निघाले ११२.

सोडियम म्हणजे आपल्या मिठातलाच एक घटक. रक्तातले त्याचे प्रमाण घसरले की पाणी पेशींच्या आत शिरते आणि पेशी सुजतात. अंगात इतरत्र सूज आली तर जागा असते. मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात बसलेला. म्हणून आधी सुस्ती, मग गोंधळ, मग झटके असा क्रम लागतो. उपाय साधा वाटतो, मीठ चढवा. पण तोही बेताने. सोडियम फार झपाट्याने वाढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे दर काही तासांनी रक्त तपासत, ती गोळी बंद करून, हळूहळू वर आणले. सहाव्या दिवशी बडेअब्बांनी नर्सला विचारले, इथे दिवसाचे किती घेतात? मग स्वतःच हिशेब केला आणि मुलाला म्हणाले, चला घरी.

या सहा दिवसांत एक प्रसंग घडला तो सांगायला हवा, कारण माझ्या नोकरीशी त्याचा संबंध आहे. गुरुवारी रात्रीच नात्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारले, की गावाबाहेरच्या प्लॉटचा कागद राहिलाय, आता यांचे काही खरे नाही, तर अंगठा घेऊन ठेवता येईल का? विचारणारा माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मी त्याला एवढेच सांगितले, की भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या बाराव्या कलमाखाली दोन उदाहरणे दिली आहेत. पहिले, वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण, जो अधूनमधून शुद्धीवर असतो. तो त्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो. दुसरे, एरवी शहाणा असलेला पण तापाने भ्रमलेला माणूस; तो भ्रम उतरेपर्यंत करार करू शकत नाही. हे कलम मी कामाच्या निमित्ताने अनेकदा वाचले होते, पण त्या रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात मला त्याचा अर्थ खरा कळला. कायमचे ढळलेले आणि तात्पुरते भ्रमलेले मन यांत फरक करायला हवा, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला ठाऊक होते. आपण मात्र तिसऱ्या दिवशी माणसाला हिशेबातून वजा करतो.

डिलिरियमची ओळख थोडक्यात अशी. तो तासा-दिवसांत येतो. दिवसभरात कमीजास्त होतो. सकाळी डॉक्टरांसमोर माणूस बरा बोलतो आणि संध्याकाळी घरच्यांना ओळखत नाही. लक्ष टिकत नाही. झोपेचे चक्र उलटते. काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात. १९९० मध्ये अमेरिकेतल्या शॅरन इनोये या डॉक्टर बाईंनी याच खुणांवरून एक छोटी तपासणी बसवली. तिच्यात यंत्र लागत नाही. फक्त, हा माणूस एरवी कसा असतो, हे सांगणारे कुणीतरी जवळ लागते. हे काम घरच्या माणसाशिवाय कुणालाच करता येत नाही.

आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. खरा धोका गप्प होणाऱ्याचा. डिलिरियमचा एक प्रकार असा असतो, की माणूस मलूल होतो, पडून राहतो, हाक मारली तर डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. घरचे म्हणतात, आज आजी शांत आहेत, त्रास देत नाहीत. हीच शांतता सर्वांत जास्त निसटते आणि तिच्यात दिवस वाया जातात. कालपर्यंत सूनबाईच्या स्वयंपाकाला नावे ठेवणारी आजी आज एकाएकी तक्रारच करत नसेल, तर मी तरी काळजी करीन.

कारणे अनेक असतात आणि बहुधा दोन-तीन एकत्र येतात. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग. वयस्कर माणसात ताप न येताही संसर्ग असू शकतो, त्यामुळे 'अंग गरम नाही' हे समाधान पुरेसे नाही. उलट बाजूनेही सावध राहायला हवे. पुष्कळ वृद्धांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, म्हणून रिपोर्टमध्ये जंतू आले की कारण सापडले असे समजून पुढचा शोध थांबवू नये. तुंबलेली लघवी, आठ दिवसांची बद्धकोष्ठता, न सांगता आलेले दुखणे, एवढ्यानेही म्हातारा मेंदू भांबावतो. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली की पुढच्या दोन-चार दिवसांत असा गोंधळ पुष्कळांना होतो. त्यात इस्पितळात आपण काय करतो, तर चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र 'हरवू नये' म्हणून घरी पाठवून देतो. दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवस की रात्र ते ट्यूबलाइटमध्ये कळत नाही. अशा ठिकाणी तरणाताठा माणूसही गोंधळेल. चष्मा द्यावा, घड्याळ दिसेल असे ठेवावे, ओळखीचे एक माणूस उशाशी बसवावे. औषधाइतकाच याचा उपयोग होतो. रोज पिणाऱ्या माणसाची दारू इस्पितळात अचानक तुटली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरून भ्रम सुरू होतो. ही गोष्ट घरचे लाजेने लपवतात आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात.

रक्तातली साखर उतरणे हे तर मिनिटांत ओळखता येणारे कारण. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण राहिले, की घाम, थरथर आणि विचित्र बोलणे. रोजा असो वा निर्जळी एकादशी, मधुमेही आजोबांचा उपास हा डॉक्टरांना विचारून ठरवायचा विषय आहे. दोन्ही धर्मांत आजाऱ्याला सूट आहे. हट्ट असतो तो आजोबांचा.

आणि औषधे. याबद्दल जितके बोलावे तितके थोडे. सर्दी-खोकल्याच्या कितीतरी गोळ्यांत क्लोरफेनिरामीन नावाचे जुने औषध असते. झोपेच्या आणि 'टेन्शनच्या' म्हणून मिळणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, नैराश्यावरचे जुने अमिट्रिप्टिलीन, कंपवातावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल. यातले प्रत्येक औषध आपापल्या जागी उपयोगी आहे, पण वयस्कर मेंदूवर त्यांतले प्रत्येक झापड आणू शकते. हाडांचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, त्यात औषधाच्या दुकानदाराने दिलेली सर्दीची पट्टी; या सगळ्यांची गाठ फक्त पेशंटच्या पोटात पडते. झोपेची गोळी बरीच वर्षे चालू असेल, तर तीही आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. त्यानेही झटके येऊ शकतात.

एक गोष्ट भ्रमासारखी दिसते पण भ्रम नसते, ती इथेच सांगून टाकतो. अर्धांगाच्या झटक्यात कधी हातपाय ठीक राहतात आणि नुसती भाषा मोडते. माणूस घडाघडा बोलतो, पण शब्द एकमेकांना लागत नाहीत, आणि आपण बोललेले त्याला समजत नाही. घरच्यांना वाटते, बरळतो आहे. हे एका क्षणी सुरू झाले असेल तर थेट मोठे इस्पितळ गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. शब्दांवर पोट नसले तरी जीव असलेल्या माझ्यासारख्याला या आजाराची फार भीती वाटते.

दुसरे उदाहरण आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांचे. ते हळूहळू मंद होत गेले. सुट्या पैशांत चुकू लागले. पाय ओढू लागले. डोके दुखते म्हणत, दुपारभर झोपत. हे तीनेक आठवड्यांत झाले. एवढी गती स्मृतिभ्रंशाला सहसा नसते आणि डिलिरियमसाठी ती जरा संथ आहे. डॉक्टरांनी विचारले, पडला होतात का? 'नाही' असेच उत्तर आले. मग त्यांच्या नातीला आठवले, की दोन महिन्यांपूर्वी आजोबा मोरीत घसरले होते, कपाळाला टेंगूळ आले होते, हळद लावली होती. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जुने रक्त साचलेले दिसले. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणलेल्या राहतात. लहानशा धक्क्यानेही एखादी फाटते आणि रक्त थेंबाथेंबाने आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. त्यांच्याही ती चालू होती. कवटीला लहान छिद्रे पाडून रक्त काढले. महिन्याभरात ते चौकात उभे राहून, समोरून गेलेली गाडी कोणत्या डेपोची, हे पोरांना सांगू लागले.

चालणे बिघडणे, लघवीवरचा ताबा जाणे आणि मन मंदावणे ही तिन्ही एकत्र दिसली, तर मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठण्याचा एक आजार असतो. नळी बसवून काहींना चांगला फरक पडतो. थायरॉइड कमी पडला तरी माणूस मंदावतो. आणि ब-१२ हे जीवनसत्त्व. ते मिळते दूध, अंडी, मांस-मासळीतून. शुद्ध शाकाहारी आणि दूधही बेताचे घेणाऱ्यांत ते कमी पडते. मधुमेहाचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी सवयीने घेणाऱ्यांतही. तळपायांना मुंग्या, तोल जाणे, चिडचिड, विसर. साधी रक्ततपासणी आणि स्वस्त उपचार. पण फार उशीर झाला तर गेलेले सगळे परत येईलच असे नाही.

समोरच्या घरातल्या काकूंचे निराळे होते. काका गेल्यानंतर चार-पाच महिन्यांत त्या म्हणू लागल्या, मला काही आठवत नाही, माझे डोके गेले. गॅस बंद केला का, हे दहादा बघत. भाजीत मीठ पडेना. पहाटे तीनला जाग. मुलाने पुण्याहून येऊन त्यांना दाखवले. डॉक्टर काही विचारत, त्याला त्या 'माहीत नाही' म्हणत, प्रयत्नही करत नसत. पण जरा वेळ दिला, आधार दिला, की उत्तर बरोबर येई. ज्याला खरा स्मृतिभ्रंश झाला आहे तो सहसा तक्रार करत नाही. तक्रार घरचे करतात. तो स्वतः 'मला काय झालेय' म्हणतो, चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने देतो किंवा हसून विषय बदलतो. काकूंना नैराश्य होते. औषध सुरू झाले, ऐकू कमी येत होते म्हणून यंत्र बसवले, आणि जावेने त्यांना ओढत का होईना भजनी मंडळात नेले. फरक पडायला तीन महिने लागले. उतारवयातले नैराश्य कधी कधी पुढे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची पहिली पायरीही असते, म्हणून डॉक्टर अजून दर सहा महिन्यांनी त्यांना बोलावतात.

चौथी माझी खाला, आईची धाकटी बहीण. तिच्या आजाराला तारीख नाही. नंतर मागे वळून बघताना आम्ही म्हणालो, त्या लग्नात तिने दोनदा अहेर दिला तेव्हाच का? ती अस्रची नमाज पढून उठायची आणि थोड्या वेळाने वजू करून पुन्हा उभी राहायची. आमच्या ओळखीच्या एका आजी देवपूजा दोनदा करत, तसेच हे. कृती शाबूत होती, शब्द शाबूत होते. कृती केल्याची नोंद मात्र होत नव्हती. मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या घटनांची आवक-नोंद तिथे होते, आणि अल्झायमरमध्ये सहसा तोच आधी बिघडतो. जुनी दप्तरे मागच्या खोलीत सुरक्षित राहतात. म्हणून खाला मला 'तू कुणाचा?' विचारायची आणि त्याच बैठकीत लहानपणी जात्यावर म्हटलेले गाणे सबंध म्हणायची. दख्खनीत जात्यावरच्या अशा गाण्यांची 'चक्कीनामा' नावाची जुनी परंपरा आहे, आपल्या ओव्यांची बहीणच. लय धरून आत गेलेली गोष्ट सर्वांत शेवटी बाहेर पडते, हे मी कवितेच्या वर्गात शिकलो नव्हतो, खालाच्या खाटेशेजारी शिकलो.

हा आजार केवळ म्हातारपणाचा नाही, हे तर त्याच्या पहिल्याच नोंदीत आहे. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची स्त्री दाखल झाली, तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. १९०६ मध्ये ती वारल्यावर अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यातले थर आणि गुंते त्याच वर्षी डॉक्टरांच्या सभेत मांडले.

सगळा स्मृतिभ्रंश अल्झायमरचा नसतो. बारीक रक्तवाहिन्या बंद पडून होणारा प्रकार पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. काही महिने स्थिर, मग एकदम एक पायरी खाली. लुई बॉडी नावाचा प्रकार घरच्यांना सर्वांत चकवतो. तब्येत तासातासाला बदलते, चालण्यात कंपवातासारखा ताठरपणा येतो आणि कोपऱ्यात लहान मुले, मांजरे, माणसे स्पष्ट दिसतात. भुताखेताचा संशय इथेच शिरतो. या रुग्णांना भास थांबवायला हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले तर ते अक्षरशः लाकडासारखे ताठ होऊ शकतात, म्हणून भास आणि ताठरपणा दोन्ही डॉक्टरांना सांगणे जरुरीचे. आणखी एका प्रकारात स्मरण ठीक असते, स्वभाव बदलतो. सभ्य माणूस पन्नाशीतच अचकटविचकट बोलू लागतो, गोडावर तुटून पडतो. त्याला लोक आजारी म्हणतच नाहीत, बिघडला म्हणतात.

तपासणीच्या भाषेबद्दल एक तक्रार आहे, कवीची समजा. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची एक चाचणी जगभर वापरतात. तिच्यात वाचा, लिहा, आकडेमोड करा असे प्रश्न आहेत. कधी शाळेतच न गेलेल्या आपल्या आजीला ती तशीच दिली, तर आजी नापास होणारच, आणि त्या नापासीचा मेंदूशी संबंध नसेल. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात संशोधकांनी निरक्षर खेडुतांसाठी तिची हिंदी आवृत्ती केली, लिहिण्यावाचण्याचे प्रश्न बदलून. हे काम मला मोठे वाटते. आजीची परीक्षा तिच्या बोलीत आणि तिच्या जगातल्या गोष्टींवर घ्यायला हवी. घरी उर्दू-दख्खनी बोलणाऱ्या, कोकणी बोलणाऱ्या, अहिराणी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी घरच्यांनी डॉक्टरांना हे स्वतःहून सांगावे, शिक्षण किती झाले तेही.

उपचारांबद्दल मोठ्या आशा दाखवणे बरे नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काहींना थोडा काळ थोडा आधार देतात. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये दोन नवी इंजेक्शने मंजूर झाली. अगदी सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये ती घसरण थोडी मंदावतात, आजार बरा करत नाहीत, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. स्मृतिभ्रंश टाळण्याच्या बाजूला मात्र करण्यासारखे पुष्कळ आहे. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये चौदा गोष्टी दाखवल्या, कमी शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याला मार, एकटेपण, मोतीबिंदूसारखी उपचाराविना राहिलेली अंधारी. या सगळ्या दूर करता आल्या तर जगातला साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला वरून डिलिरियम होतो, आणि पुष्कळदा होतो, हे विसरू नये. खालाला शेवटच्या वर्षी असे दोनदा झाले. 'आजार वाढला' असे वाटत होते. एकदा छातीत कफ निघाला, एकदा आठवड्याची बद्धकोष्ठता. दोन्ही वेळा ती आपल्या आधीच्या पातळीवर परत आली. ती पातळी फार खालची होती, पण त्या पातळीवर ती आईचे नाव सांगत होती आणि चहात साखर कमी असल्याचेही सांगत होती.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद करावा. गोंधळ कधी सुरू झाला, तारीख किंवा निदान सण लिहावा. गेल्या तीन महिन्यांत पडणे, ताप, इस्पितळ, नवे औषध काय झाले ते. झोप, लघवी, शौच. दारू असेल तर तीही. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक-युनानीसह, पिशवीत भरून न्याव्यात. नुसती नावे सांगू नयेत. चष्मा आणि कानाचे यंत्र लावूनच न्यावे. सोबत असा माणूस असावा जो रोज त्यांच्याबरोबर राहतो, सुट्टीला आलेला मुलगा नव्हे. जवळ कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही विनाशुल्क हेल्पलाइन आहे. गोंधळ आजचा किंवा कालचा असेल तर मात्र कागदासाठी थांबू नये. घरात साखर मोजायचे यंत्र असेल तर निघतानाच बोटाला टोचून आकडा बघावा आणि तो तेवढा हातावर लिहून घ्यावा.